दोन तारामती

जुने चित्रपट पाहावयाचे म्हटले म्हणजे पूर्वीं पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. रावेरसारख्या केळीच्या बागांच्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबास तें कोठून साधणार? आतां इंटरनेटच्या योगानें ती अडचण पुष्कळ अंशीं दूर झाली आहे. शंभर वर्षांपूर्वींचे मूकपट आणि प्रभातचे बोलपट माजघरांत बसून मोबाईलवर पाहतां येतात. परंतु सोय झाली म्हणजे समजही आली, असें नव्हे. कसें पाहावें आणि आपण काय जपावें, या दोन गोष्टींचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें केला पाहिजे.

एक उदाहरण घेऊं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. त्यांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानें केली. कारण कॅमेऱ्यापुढें उभी राहावयास स्त्री मिळेना. पडद्यामागें मात्र फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई फितीला भोकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें करीत, आणि मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. पुढें १९ वर्षांनीं, १९३२ सालीं, प्रभात कंपनीनें कोल्हापुरास हीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत मांडली. त्यांतील तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. प्रतिष्ठित घराण्यांतील आणि कॉलेजांत शिकलेल्या. हे दोन्ही चित्रपट मुलांना एका सायंकाळीं लागोपाठ दाखवावे, आणि मधल्या काळांत समाजांत काय पालटलें तें त्यांचें त्यांना सांगूं द्यावें. पाठ्यपुस्तकांतील धड्यानें जें होत नाहीं, तें कदाचित् अशा एका सायंकाळीं होईल.

तथापि डोळे उघडे ठेवूनच पाहावें. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जीं रिळें आज पाहावयास मिळतात तीं मूळचीं नसून, फाळके यांनीं १९१७ सालीं पुन्हां केलेल्या चित्रपटाचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. मूकपटांतील माणसें धांवत सुटल्यासारखीं दिसतात, हाही त्या काळचा दोष नव्हे. तेव्हां दर सेकंदास सुमारें १६ ते १८ चित्रें घेतलीं जात. बोलपटाची गति २४ ठरली, आणि त्या गतीनें जुनी फीत फिरविली कीं चालणारा पळूं लागतो. कोणीं कोणतेंही साल लिहावें व कोणतेंही संगीत मागें जोडावें, अशी मोकळीक इंटरनेटवर असल्यामुळें ताडून पाहण्याची संवय हवी. त्या कामीं २०१३ सालीं सुरू झालेलें ‘इंडियनसिने.मा’ हें संकेतस्थळ फार उपयोगी आहे.

आणखी एक भ्रम काढून टाकला पाहिजे. जें आहे तें सर्व इंटरनेटवर आहे, असें मुलांस वाटतें. वस्तुतः आपल्याकडील बहुतेक मूकपट कायमचे गेले. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याचीही प्रत आज कोठें नाहीं. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन् पेट घेई, उष्णतेनें कुजे. कित्येक फिती तर आंतील चांदी काढून घेण्यासाठीं नष्ट करण्यांत आल्या. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंवर पुष्कळ उशीर झाला होता. त्यानंतरही ८ जानेवारी २००३ रोजीं तेथील नायट्रेट फिल्मांच्या कोठारास आग लागून मोठी हानि झाली. या संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांना फाळके यांच्या कांहीं फिती मिळाल्या त्या कोणा कंपनीच्या कचेरींत नव्हे, तर फाळके यांच्याच कुटुंबीयांकडे. घरच्या मंडळींनीं डबे टाकून दिले नाहींत, म्हणूनच ‘कालिया मर्दन’ (१९१९) आणि त्यांत कृष्ण झालेली फाळके यांची कन्या मंदाकिनी आज आपणांस दिसते.

हें ध्यानांत घेऊन दिवाळीची झाडलोट करतांना माळ्यावरील ट्रंक जरा सावकाश उपसावी. थिएटरांत विकत मिळणारीं गाण्यांचीं पुस्तकें, जाहिराती, जुनीं छायाचित्रें, कार्यक्रमपत्रिका यांना रद्दीचा भाव लावूं नये. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें नांवें व साल लिहावें. ओळखणारी आजी आहे तोंवरच तें होईल. फिल्मचा डबा निघाला तर तो दिव्याजवळ किंवा चुलीजवळ उघडूं नये, आणि खानदेशच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं मुळींच ठेवूं नये. पुण्याच्या संग्रहालयास कळवावें. मोबाईलवर जें आज दिसतें, तें कोणीतरी कोठेंतरी जपलें म्हणून दिसतें. पुढील पिढीनें पाहावें असें कांहीं आपल्या ट्रंकेंतही असूं शकेल.