‘देवमाणूस’ आणि रिकामी खुर्ची

दूरचित्रवाणीवरचा डॉक्टर बहुधा शहरातला असतो. २००२ साली ‘स्टार प्लस’वर आलेल्या ‘संजीवनी’मधले डॉ. शशांक आठवा. चकचकीत रुग्णालय, पांढराशुभ्र कोट आणि शांत, धीरगंभीर चेहरा. ‘झी मराठी’ने २०२० साली डॉक्टरला खेड्यात नेऊन बसवले आणि तो निघाला बोगस!

किरण गायकवाड यांनी रंगवलेला ‘देवमाणूस’मधला डॉ. अजितकुमार देव गोड बोलतो, अडल्यानडल्याला धावून जातो. गाव त्याला देव मानते आणि तो माणसे मारतो. वाई तालुक्यात २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याकांडाशी प्रेक्षकांनी या मालिकेचे नाते जोडले. हा पकडला कधी जाणार, याची चर्चा घरोघरी रंगली. मला मात्र वेगळाच प्रश्न पडत असे. गावाने याला डॉक्टर मानलेच का?

‘खेडवळ माणसे भोळी असतात’ हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. खरे उत्तर हवे असेल तर शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांकडे पाहावे. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्हा म्हणजे नुसती लोकल आणि टोलेजंग इमारती, असा अनेकांचा समज आहे. पण शहापूर आणि मुरबाड हे डोंगरी, आदिवासी वस्तीचे तालुके याच जिल्ह्यात आहेत. शहापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकषही आहे. पण लोकसंख्येच्या हिशोबात ओढे आणि चढ धरलेले नसतात. डोळखांबच्या पलीकडच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर आषाढातल्या रात्री बाई अडली, तर २०१४ पासून सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथवरच येते. पुढची वाट झोळीची. याच शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचे पाणी मुंबईच्या नळाला बिनबोभाट पोचते. डॉक्टरला मात्र उलट दिशेची वाट सापडत नाही.

अशा ठिकाणी जो मोटारसायकलवर दारात येतो, लगेच ‘सुई’ देतो, पैसे पुढच्या बाजारी घेतो, त्याची पदवी कोण विचारणार? नोंदणीशिवाय वैद्यकी करणे हा १९६१च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. अधूनमधून छापा पडतो, एक दुकान बंद होते; पण खुर्ची रिकामी आहे तोवर त्या जागी दुसरा येऊन बसतोच.

खरा डॉक्टर खेड्यात टिकतच नाही, असेही नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रातून सुरुवात केली आणि महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण प्रत्येक तालुक्याला बावस्कर मिळावेत, ही अपेक्षा म्हणजे पुन्हा देवमाणसाचीच वाट पाहणे झाले. सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडलेला मुलगा बंधपत्राचे एक वर्ष खेड्यात काढतो. तिथे धड निवासस्थान नाही, भरवशाची वीज नाही, सोबतीला अनुभवी सहकारी नाही. वर्ष संपताच तो निघून गेला, तर दोष एकट्या त्याला कसा द्यावा?

मालिकेतला खलनायक पकडला गेला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. वाडीवरची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. त्याच्या दवाखान्याला कुलूप लागते त्या रात्री कुणाचे पोर तापाने फणफणले, तर त्याला कुठे न्यायचे? बारमाही रस्ता, राहण्याजोगे घर आणि रात्रीही उघडे असणारे आरोग्य केंद्र, हेच त्याचे उत्तर. गावाला डॉक्टर मिळाला, तर देवमाणसाची गरज उरणार नाही.