उसनी श्रद्धा नको



रविवारी उपासनेत साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण बहुतेक विजयाचंच सांगतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, घराचा स्लॅब झाला. सोसायटीचा हप्ता थकलाय, मुलगा महिनाभर बोलला नाही, प्रार्थनेत मन लागत नाही, हे मात्र कुणी बोलत नाही. मग शेजारच्या बाकावरचा तसाच गांजलेला माणूस समजतो की देवानं फक्त त्यालाच टाकलंय. माझी कळकळीची विनंती आहे, खरं बोला.

लक्ष्मीबाई टिळक आठवा. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई त्याच्या मागून गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळं पाळत राहिल्या. जातिभेद देवानं केलेला नाही हे स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा तो सोडला, आणि टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचा राहुरीतला संसार आपल्या सोनईपासून फार लांबचा नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला राग, हट्ट, भीती काही झाकलं नाही. वडिलांची, नवऱ्याची किंवा पाळकांची श्रद्धा आपल्याला उसनी मिळत नाही. सुनेला, मुलाला शंका असेल तर त्यांना वेळ द्या, दटावू नका.

टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. मनाला पटलेल्या वाटेनं ते चालले. प्रत्येकानं नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही. चूल पेटती ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे.

आता समाधानाबद्दल. पौलानं फिलिप्पैकरांना समाधानाचं लिहिलं ते बंदिवासातून, आणि ते आपण शिकलो असं लिहिलं. म्हणजे ते शिकावं लागतं. पण समाधान म्हणजे अन्याय गप्प सोसणं नव्हे. त्याच फिलिप्पै गावात त्याला चौकशीविना फटके मारून कोठडीत टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकारी गुपचूप सोडायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावं, असं तो ठणकावून म्हणाला. म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या भावाला मुकादम उचलीचा हिशेब दाखवत नसेल, तर त्याला गप्प बसायला सांगू नका. हिशेब मागायला त्याच्याबरोबर जा.

कागदाचा प्रश्नही आहेच. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. त्यामुळे कितीतरी घरांत श्रद्धा एक आणि दाखला दुसरा, अशी ओढाताण चालते. त्यांना टोमणे मारणं मला क्रूर वाटतं. त्यांची भीती आधी ऐकून घ्या, आणि समान हक्काची मागणी मंडळीनं उघडपणे करावी.

शेवटी लग्नाच्या खर्चाबद्दल. ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांनी मांडव, डीजे आणि जेवणावळीचा आकडा ठरवण्याआधी पाळकांकडे बसावं आणि आपली ऐपत सांगावी. उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा-लाडूवर झालेलं लग्न पूर्ण लग्नच असतं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या घरचं पहिलं लग्न तसं लावावं, म्हणजे गरिबाला लाज वाटणार नाही.