फ्लॉपी आहे, पण वाचणार कोण?

आपल्या हॉस्टेलवर कोणी बटणांचा मोबाईल बाहेर काढला की लगेच आवाज येतो, ‘‘अरे, म्युझियममध्ये ठेव!’’ मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरची काय कथा? तो थेट भंगारात. माझं म्हणणं एवढंच, की तो काट्यावर चढवण्याआधी एक प्रश्न विचारा. या मशीनवर जे लिहिलं गेलं, ते आज दुसरीकडे कुठे वाचता येतं का?

जुनं म्हणजे निकामी, हे तर मला मान्यच नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बघा. वजनकाट्यावर तो अजूनही किरकिरताना दिसतो. त्याच्या पिना रिबनवर ठोके मारतात, म्हणून कार्बनखालच्या प्रतीही एका दमात उमटतात. लेझर प्रिंटरला ते जमत नाही. प्रिंटरचं काम टिकलं, म्हणून तो टिकला. फ्लॉपीचं तसं झालं नाही.

इंदापूरला माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, जत्रेची हँडबिलं, एका स्थानिक साप्ताहिकाची पानं... सगळं १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर. मी विचारलं तर मामा म्हणाला, ‘‘अगं, खोकंभर आहेत, पण लावायच्या कशात?’’ मी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. काही फ्लॉप्यांना बुरशी लागलेली, त्या गेल्याच. बाकीच्या उघडल्या आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची अन् चिन्हांची खिचडी! मामी म्हणाली, ‘‘तू कॉन्व्हेंटची ना? मग वाच की इंग्रजी!’’

गंमत म्हणजे ते मराठीच होतं. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर मजकूर म्हणजे कुलूपबंद पेटी. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि डॉसच्या मशीनवर देवनागरी आली. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही ठरलं. त्यात आकार नाही, अक्षर साठवलं जायचं. तरी डीटीपीवाले आपापल्या फॉन्टवरच राहिले. आज युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक ०९१५, मग तुम्ही बारामतीत असा नाहीतर बोस्टनमध्ये.

हे आपल्याकडे आधी एकदा झालेलं आहे. मोडी! कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे मोजके. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. तिकडे इंग्लंडमध्ये १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये देशाची नवी माहिती लेझर डिस्कवर भरली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी मशीन दुर्मिळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीची वही मात्र अजून उघडून वाचता येते!

कोणी म्हणेल, जुन्या लग्नपत्रिका वाचून काय मिळणार? मामाकडे जुन्या फॉन्टची सीडी सापडली, तेव्हा साप्ताहिकाची तीन पानं आम्ही वाचू शकलो. २००३ च्या दुष्काळातली होती. कुठल्या वाडीला टँकर कधी आला, जनावरांच्या छावणीत चारा किती दिवस पुरेल, असं सगळं. वाडी-वस्तीची अशी बातमी पुण्या-मुंबईच्या पेपरात कशी सापडेल? आणि त्या साप्ताहिकाचे छापील अंक मामाकडेही नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपल्या कॉलेजने एक कोपरा द्यावा. पन्नास मशीन नकोत. दोन्ही आकारांच्या फ्लॉप्या घेणारा एक चालू पीसी आणि एक टेबल पुरे. फॉन्ट बदलून देणारा प्रोग्राम आपणच लिहू की. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलट. सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टला याहून चांगला विषय कुठला? दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम किती वेळा करायची?

बाकीची मशीन अधिकृत रिसायकलरकडे जाऊ देत. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ते भंगारवाल्याच्या हातोड्याखाली फुटायला नको. त्यासाठी ई-कचऱ्याचे नियमही आहेत, नवे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत. पण आधी आतलं वाचून घ्या.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की माळ्यावर एकदा नजर टाका. फ्लॉपी सापडली तर फेकू नका, घेऊन या. ड्राइव्ह माझ्याकडे आहे!