हप्ता लिंटलवर, छप्पर रामभरोसे

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढं कित्येक दिवस आम्ही कृषी खात्याची माणसं नारळ-पोफळीच्या बागांचे पंचनामे करत हिंडत होतो. बागेत पोचायच्या आधी घर लागायचं आणि मालक आधी घर दाखवायचा. गावोगाव एकच चित्र. चिऱ्याच्या भिंती बऱ्याच ठिकाणी उभ्या, पण पत्रे पार शेजारच्या वाडीत. काही पत्र्यांना वासे आणि पाइप तसेच चिकटलेले होते. म्हणजे हुक सुटले नव्हते, आख्खं छप्परच भिंतीवरून उचललं गेलं होतं.

बांधकाम हा माझा विषय नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, २०२० मध्ये निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते अशी वादळं कोकणानं पाहिली, आणि आज गावोगाव घरकुलांची कामं चालू आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात एकाच वेळी वीस लाख घरकुलांना मंजुरीची पत्रं मिळाली. ही घरं उभी राहताना जी चूक होईल ती पुढची तीस-चाळीस वर्षं तशीच राहणार. म्हणून हा विषय आपल्या पानावर घेतला.

आधी वाऱ्याचा हिशेब. वारा छपराला दाबतो असा आपला समज. खरं तर उताराच्या छपरावरून वारा सुसाट गेला की तो पत्रा वर ओढतो. ताशी १०० ते ११० किलोमीटर वाऱ्यात ही ओढ चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलोच्या घरात जाते, वळचणीला आणि कोपऱ्यांवर त्याहून जास्त. पत्र्याचं वजन मात्र चौरस मीटरला चार-पाच किलो! वर दगड ठेवून भागत नाही, हे त्यावरून समजावं. पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला अशी साखळी पक्की लागते. आपल्याकडे यातली मधली कडी गायब असते.

ती कडी म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून चारही बाजूंनी फिरणारा सलग काँक्रीटचा बीम, गवंडी ज्याला पट्टा म्हणतात तो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तेच काम. धाव एका जागी तुटली की चाकाचे तुकडे सुटायला वेळ लागत नाही. दारं-खिडक्यांवर लिंटलचे सुटे तुकडे टाकले म्हणजे पट्टा झाला, असं पुष्कळांना वाटतं. ते तुकडे फक्त दारावरचं वजन पेलतात, भिंती एकमेकींना बांधत नाहीत.

खर्च किती? अडीचशे-पावणेतीनशे चौरस फुटांचं, आत एक भिंत असलेलं घर धरा. नऊ इंच रुंद, सहा इंच जाड पट्ट्याला सुमारे सात पोती सिमेंट आणि नव्वद-पंचाण्णव किलो लोखंड लागतं. दहा मिलीच्या चार सळया, त्यांना दर सहा इंचांवर रिंग. एवढं वाचवायला गेलो तर छपराचा सगळा खर्च वाऱ्यावर.

खरी गोम कोपऱ्यात आहे. घाईत सळई कोपऱ्यात संपवतात आणि दुसऱ्या भिंतीची सळई तिला नुसती टेकवतात. हे चालणार नाही. सळई काटकोनात वाकवून दुसऱ्या भिंतीत गेली पाहिजे आणि जोड कोपऱ्यापासून दूर, सळईच्या जाडीच्या पन्नास पट, म्हणजे दहा मिलीला अर्धा मीटर, एकावर एक घेतला पाहिजे. रिंगेची टोकं आत वळवायची. सळईखाली आणि बाजूला कव्हर ब्लॉक ठेवायचे, नाहीतर खारी हवा सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्यालगत दीड इंचाहून कमी कव्हर नको, त्यासाठी पट्टा थोडा जाड झाला तरी चालेल.

वाळूबद्दलही सांगितलं पाहिजे. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचं सरकारचं धोरण आहे, ते चांगलंच. पण खाडीची खारी वाळू सळईच्या कामाला वापरू नये, आणि मचूळ विहिरीचं पाणीही नको. फुकटची म्हणून खाडीची वाळू घरात आणली तर दहा-पंधरा वर्षांत सळई खाल्ली जाते.

ओतताना एक माप सिमेंट, दीड माप वाळू, तीन मापं खडी. एका पोत्याला तीस लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर आणखी कमी. माल पातळ असला की कामगार खूष असतात, कारण तो आपोआप पसरतो. ताकद मात्र तिथेच जाते. सगळा पट्टा एकाच दिवशी, न थांबता ओतावा. नीडल मिळाली तर उत्तम, नाहीतर सळईनं चांगलं कोचावं. नंतर गोणपाट टाकून निदान दहा दिवस ओलं ठेवावं. रोपाला पाणी द्यायला विसरत नाही तो शेतकरी पट्ट्याला मात्र दोनच दिवसांत विसरतो, हे पाहिलेलं आहे.

वासे किंवा पाइप जिथं टेकणार तिथं बारा मिलीचे बोल्ट ओतण्याआधीच सळईत अडकवून ठेवायचे. नंतर भोक पाडून बसवलेल्या बोल्टाला ती पकड येत नाही.

आता कारभाराचा भाग. घरकुलाचे हप्ते चौथरा, लिंटल अशा टप्प्यांवर मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवला जातो. फोटोत काँक्रीट दिसतं, आतली सळई दिसत नाही. कोपरा जोडलाय की टेकवलाय हे शटरिंग काढल्यावर कुणाला कळणार? ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांकडे गावं पुष्कळ, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पट्ट्याची सळई बांधून झाली आणि अजून ओतलं नाही, अशा वेळी एक फेरी झाली तर निम्मं काम होईल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपले जुने ग्रामसेवक) हा एक फोटो गावापुरता तरी सक्तीचा करावा. त्याला नवा आदेश लागत नाही. लाभार्थ्यांनीही सळई बांधली की आदल्या दिवशी फोन करावा. माणूस आला नाही तर चारही कोपऱ्यांचे फोटो स्वतः काढून ठेवावेत, आणि गवंडी “होतंय हो, चालतं” म्हणाला तरी तोवर माल कालवू देऊ नये.