हवेचा पैसा कोणाच्या खात्यावर?

धाराशिव जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, सोयाबीनच्या भावाचा त्याहून नाही. अशा वेळी कोणी गावात येऊन सांगू लागले, की बांधावर झाडे लावा, पाचट जाळू नका, शेणखत घाला आणि या सगळ्याचे पैसे तुम्हाला मिळतील, तर माणूस कान देणारच. 'कार्बन क्रेडिट' हा शब्द आता शेतकऱ्यांच्या बोलण्यात येऊ लागला आहे. हा पैसा खरा आहे काय, तो किती आहे आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याच्या वाट्याला काय येणार, याचा विचार आज करू.

आधी हिशेब समजून घ्या. कोळसा, डिझेल जाळले की धुरातून कार्बन डाय-ऑक्साईड वायू हवेत जातो आणि पृथ्वी तापते. झाड हाच वायू ओढून घेते आणि लाकडात साठवते. चांगली जमीनही काडीकचऱ्याच्या, शेणखताच्या रूपाने तो धरून ठेवते. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांनी धूर कमी करण्याचे कबूल केले. त्याचबरोबर दुसऱ्या देशात वायू कमी केला तर तो आपल्या हिशेबात धरण्याची सोयही करून घेतली. तिथून हा व्यापार वाढला. हवेतून एक टन वायू कमी केला, किंवा तेवढा जाऊ दिला नाही, की एक क्रेडिट. धूर सोडणारी कंपनी ते विकत घेते.

आता आपल्या बांधावर या. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. एका झाडाचे वाळल्यावरचे वजन शंभर किलो धरले तर त्यात पन्नास किलो कार्बन, म्हणजे हवेतला सुमारे १८३ किलो वायू. एक टन भरायला अशी पाच-सहा झाडे लागतात. समजा तुमच्या बांधावर चाळीस झाडे आहेत आणि ती दहा वर्षांत एवढी वाढली. क्रेडिटे झाली सात. एका क्रेडिटला सहाशे रुपये मिळाले असे धरा. दहा वर्षांचे सगळे मिळून चार हजार दोनशे. वर्षाला चारशे वीस रुपये. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि मधल्या कंपनीचा वाटा जायचा आहे.

जमिनीचेही असेच. एक एकराच्या वरच्या फूटभर मातीत सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढला तर पाच-सहा टन वायू धरला जातो. ऐकायला बरे वाटते, पण आपल्या उष्ण हवेत तेवढी वाढ व्हायला कित्येक वर्षे नेमाने खत आणि काडीकचरा घालावा लागतो. एक नांगरट, एक उन्हाळा त्यातले बरेच परत घालवतो. म्हणून कोणी एकरी हजारो रुपये दरसाल सांगत असेल तर त्याला कागदावर आकडा मांडायला सांगा.

मग हे सगळे फसवेच आहे काय? तसेही नाही. सरकारने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना काढली आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. आंध्रच्या अराकू खोऱ्यात २०१० पासून आदिवासी शेतकऱ्यांनी नांदी फाउंडेशनबरोबर लाखो झाडे लावली. लागवडीचा पैसा परदेशी कंपन्यांच्या निधीतून आला, क्रेडिटे त्या निधीला गेली. पण आंबा, कॉफी आणि बाकीची फळे शेतकऱ्यांची राहिली. त्यांचा खरा फायदा तिथे आहे. आपल्याकडेही चिंच, सीताफळ, आंबा यांचे उत्पन्न आधी धरावे आणि क्रेडिटचे पैसे वरकड समजावेत.

जिल्ह्यातल्या बायांनी हे काम क्रेडिटची वाट न बघता केले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर इथे उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायांना घरच्या रानातला अर्धा-एक एकर स्वतःच्या हिमतीवर कसायला शिकवले. भाजी, डाळी, भरडधान्य एकत्र पेरायचे, खत घरचे घालायचे, पाणी बेताने वापरायचे. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळातही ताटात भाजी राहिली, ही त्या कामाची पहिली कमाई.

आता आपल्या दुखण्याकडे येऊ. क्रेडिटचा करार जमिनीच्या मालकाशी होतो. पाचट न जाळता सरीत पसरायचे कष्ट मजुराचे, खड्डे खणणारे हात मजुराचे. त्याला त्या दिवसाची मजुरी मिळते आणि झाड वाढत राहते ते दुसऱ्याच्या नावावर. बटईने रान करणाऱ्याचे नाव कागदावर कुठेच नसते. बाई जन्मभर रानात राबते आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे.

गायरान कसणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची वहिवाट नियमित करायचे ठरले. पण मराठवाड्यात किती तरी कुटुंबे आजही कसतात आणि सातबारा नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, त्याच वर्षी १२ जुलैला राज्याचा निर्णय आला आणि टांगती तलवार वाढली. उद्या 'पडीक' म्हणून अशा जमिनीवर वृक्षलागवडीचा करार झाला, तर ती पडीक नव्हती, तिच्यावर आमची ज्वारी उभी होती, हे सिद्ध कोण करणार? म्हणून दंडाच्या पावत्या, गाव नमुना एक-ई मधली नोंद, जुने पंचनामे आजच गोळा करून ठेवा. लागवडीचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा घरातल्या बाया-पुरुषांनी हजर राहावे आणि आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

ज्यांच्या नावावर दोन-चार एकर आहे त्यांनी सही करण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. करार किती वर्षांचा? हे करार वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांचेही असतात. तेवढी वर्षे पोराच्या शिक्षणाला, पोरीच्या लग्नाला झाड तोडता येईल काय? पैसे कधी मिळणार, पहिल्या वर्षी की मोजणी झाल्यावर? शंभर रुपये आले तर शेतकऱ्याला किती आणि कंपनीला किती? दुष्काळात झाडे वाळली तर भरपाई कोणी द्यायची? जमीन विकली किंवा भावाभावांत वाटणी झाली तर काय? आणि आधीपासून उभ्या असलेल्या बाभळी-लिंबाचे पैसे सहसा मिळत नाहीत, नव्या कामाचेच मिळतात, हेही ध्यानात ठेवा. कागद मराठीत मागा, एक प्रत घरी ठेवा. को‍ऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही, आणि आधार-सातबाऱ्याच्या झेरॉक्स कोणाच्याही हाती देऊ नयेत.

एकट्यादुकट्या शेतकऱ्याची मोजणी कोणाला परवडत नाही, म्हणून कंपन्या शेकडो शेतकरी एकत्र करतात. मग आपणच आधी एकत्र का होऊ नये? बाबासाहेबांनी १९१८ मध्ये हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात जात नाही, भांडवल आणि साधने अपुरी असतात म्हणून जाते, असे त्यांनी त्यात मांडले. बचत गटाच्या दहा-वीस बायांनी, गायरानधारकांच्या वस्तीने मिळून एकच करार केला, तर भाव विचारता येतो, वकिलाला कागद दाखवता येतो आणि मजुरांचा वाटा किती हेही कागदात घालून घेता येते. कंपनी नाही म्हणाली तर चिंच आपली आहे, खत आपले आहे, सुधारलेली जमीन आपली आहे.

तेव्हा झाडे जरूर लावा, पाचट जाळू नका, उकिरड्याचे खत करा. ते आपल्या रानासाठी करा. आणि हवेचा पैसा दारात आला तर तो कोणाच्या नावाने आला आहे, हे पहिल्यांदा वाचून बघा.