शंकासमाधान : जुनें विमान, नवा संगणक

आमच्या एका वाचक गृहस्थांचें पत्र आलें आहे. त्यांच्या तीर्थरूपांनीं १९९० च्या सुमारास घेतलेला विमान चालविण्याचा खेळ पुतण्यानें घरच्या नव्या संगणकावर सुरू करून दिला; परंतु विमान धांवपट्टीवरून उठतें न उठतें तोंच उलटून जमिनीवर आदळतें. चार दिवस हाच प्रकार झाल्यावर तीर्थरूप "आतां हात चालत नाहींत" एवढेंच बोलून उठले, ते पुन्हा त्या मेजापाशीं बसलेले नाहींत. घरांतील मंडळींनींहि वयोमानाचेंच कारण मानिलें. सदर गृहस्थ विचारतात कीं, खेळ काढून टाकावा काय?

काढूं नये, आणि वडिलांच्या हातांवर ठेवलेला आरोप तर प्रथम मागें घ्यावा.

आय. बी. एम. कंपनीचा १९८१ सालचा संगणक सेकंदास सुमारें ४७ लक्ष ७० हजार ठोके देत असे. हल्लींच्या यंत्राचे ठोके ३०० कोटींच्या घरांत असतात. म्हणजे नुसत्या ठोक्यांतच सहाशें पटींहून अधिक अंतर, शिवाय एका ठोक्यांत होणारें कामहि वाढलेलें. पूर्वींच्या कित्येक खेळांच्या कर्त्यांनीं घड्याळाकडे न पाहतां यंत्राच्या श्रमांवरच काळ मोजिला. इतकीं आवर्तनें झालीं कीं विमान इतकें पुढें सरकवावें, असा त्यांचा हिशेब. एखाद्या आजीबाईंनीं "दोन रामरक्षा होईतों भात शिजतो" असें ठरवावें आणि पुढें तें काम एका दमांत रामरक्षा संपविणाऱ्या नातवाकडे जावें, तसें हें झालें. भात कच्चा राहिला तर त्यांत तांदुळाचा काय दोष?

ही अडचण तेव्हांहि ठाऊक होती. त्या सुमाराच्या पुष्कळ संगणकांवर टर्बो नांवाचें बटण असे. नांव वेगाचें, परंतु खरा उपयोग जुन्या खेळांसाठीं वेग उतरविण्याचा! आतां तें बटण राहिलें नाहीं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तर डॉसचे हे खेळ मुळींच चालत नाहींत. म्हणून २००२ सालीं प्रथम निघालेला डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम वापरावा लागतो. तो संगणकाच्या पोटीं एक जुना संगणक उभा करितो, आणि त्याची गति आपल्या हातीं ठेवितो. पुतण्यानेंहि तोच वापरिला आहे. मात्र गति "मॅक्स" ठेविली आहे. तरुणांस वेग जितका अधिक तितका बरा वाटतो, येथें तोच घातक आहे.

डॉसबॉक्सच्या व्यवस्थेच्या फायलींत सीपीयू या सदराखालीं "सायकल्स" अशी नोंद असते. तिच्यापुढील शब्द काढून इंग्रजी अक्षरांत "फिक्स्ड ३०००" लिहावें. मग खेळ चालू असतां कंट्रोलसह एफ ११ दाबल्यास गति उतरते, एफ १२ नें चढते. चालू आंकडा खिडकीच्या माथ्यावर दिसतो. गति फार उतरली तर कांटे धक्के खात सरकतात, आवाज तुटतो. दोहोंच्या मधली जागा धीरानें शोधावी.

जॉयस्टिक असल्यास तिचीहि चौकशी करावी. जुने प्रोग्रॅम दांड्याची स्थिति आवर्तनें मोजूनच ओळखीत, त्यामुळें विमान आपोआप एका बाजूस कलतें. तसें दिसल्यास जॉयस्टिकच्या सदरांतील "टाइम्ड" ही नोंद बदलून पाहावी.

विंडोजच्या काळांतील खेळांस हा उपाय लागू नाहीं; तेथें सेकंदास किती चित्रें काढावींत याची मर्यादा घालून पाहावी.

गति जुळली कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. १२० नॉट वेगानें उडणाऱ्या विमानास दहा सागरी मैलांस पांच मिनिटें लागलीं पाहिजेत. अंतर ठाऊक असलेल्या दोन ठिकाणांमध्यें पुतण्यानें विमान न्यावें, आपण मनगटावरील घड्याळ पाहावें. पांच मिनिटें भरलीं म्हणजे मग तीर्थरूपांस हांक मारावी.