सातबाऱ्यावर मोजलेली घरे

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत भूकंपातील मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवशीच्या भाषणांत १९९३ साली शासनयंत्रणा किती त्वरेने हलली आणि नवी गावे कशी उभी राहिली, याचा गौरव होतो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु ही नवी घरे कोणत्या मापाने वाटली गेली, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून क्वचितच विचारला जातो. मराठवाड्यातील श्रमिकांच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे तेरणेच्या खोऱ्यातले गाव. शेजारी तळणी, मंगरूळ, लिंबाळा. त्याच खोऱ्यात आज धाराशिव जिल्ह्यात असलेली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी. काळ्या मातीचा हा मुलूख ज्वारीचा आणि तुरीचा. औशाचा किल्ला जवळच आहे आणि बहामनी काळापासूनच्या सत्तांतरांची ती खूण आहे. परंतु या गावांचा खरा इतिहास किल्ल्यापेक्षा जमिनीच्या दप्तरात अधिक सापडतो. निजामी अमलात गावगाड्याची सूत्रे देशमुख-पाटलांच्या वाड्यांतून हलत असत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, १९५० साली हैदराबाद राज्याचा कूळकायदा आला, १९६१ साली महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा झाला. कुळांपैकी काहींना जमीन मिळाली. गावकुसाबाहेरचा सालगडी आणि मजूर मात्र बहुतांशी होता तेथेच राहिला.

घरांची रचनाही या व्यवस्थेला धरूनच होती. ऐपतदाराचे घर दगड-मातीच्या रुंद भिंतींचे आणि वर मातीचे जड माळवद असे असे. उन्हाळ्यात ते गारवा देई. गळू नये म्हणून माळवदावर वेळोवेळी मातीचा थर चढे आणि छताचे ओझे वाढत जाई. भिंतींतील ओबडधोबड दगड नुसत्या चिखलात बसवलेले. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नसल्यात जमा.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती, असेही नाही. १९९२ सालापासून किल्लारीत धक्के जाणवत होते आणि लोक भयाने उघड्यावर झोपत होते. पण भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा बदलण्यास २००२ साल उजाडावे लागले. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि आठ ते दहा हजार माणसे गाडली गेली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले. घरवाटपाचा निकष असा होता : भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फुटांचे. म्हणजे ज्याच्यापाशी अधिक होते, त्याला शासनाने तिप्पट मोठे छप्पर दिले. भूकंपाने वाडा आणि झोपडी यांचा भेद क्षणभर पुसला होता. शासनाने सातबारा समोर ठेवून तो काँक्रीटमध्ये पुन्हा आखून दिला.

याचे समर्थन असे केले जाते की, ज्याचे मोठे घर पडले त्याला मोठे घर देणे न्याय्य आहे. शिवाय शेतकऱ्याला बैल, अवजारे आणि धान्य यांसाठी जागा लागते. शेतकऱ्याची ही गरज खरी आहे. पण ती गोठ्याने आणि मोकळ्या आवाराने भागते, झोपण्या-बसण्याच्या खोल्यांनी नव्हे. आणि सार्वजनिक पैशातून दिलेला निवारा ही मालमत्तेची भरपाई मानायची की माणसाचा हक्क मानायचा, याचा निर्णय आधी व्हायला हवा होता. हक्क मानला, तर घराचे माप कुटुंबातील माणसांवरून ठरते. सात माणसांच्या मजूर कुटुंबाला २५० चौरस फूट आणि तिघांच्या बागायतदाराला ७५०, या हिशेबाला न्याय कसे म्हणता येईल?

गावाच्या रचनेतही लोकांना विचारले गेले नाही, असेच चित्र दिसते. शहरी वसाहतीप्रमाणे सरळ रस्ते आणि घरांच्या रांगा आखल्या गेल्या. अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली आणि बांधणीच्या आपापल्या कल्पना राबवल्या. गावे पसरली, शेते दूर गेली, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार तुटले. ज्यांना ही घरे अपुरी पडली, त्यांनी पुढे पत्र्याच्या शेडी जोडल्या.

याउलट अनुभवही याच कार्यक्रमात आहे. जी गावे हलवायची नव्हती, तेथे जुनी घरे दुरुस्त व मजबूत करण्याच्या कामात महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून सामावून घेतले गेले. निधी कसा मिळतो, भिंत कशी बांधावी, गवंड्याकडून काम कसे करून घ्यावे, हे गावोगावच्या बायका शिकल्या आणि त्यांनी इतरांना शिकवले. साध्या ग्रामीण स्त्रिया हे करू शकतात, याचा तो पुरावा होता.

हा विषय केवळ स्मरणाचा नाही. नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातील लेंडी धरणग्रस्तांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या परिसरातील गावांत पुराचे पाणी शिरले. धरण, महामार्ग, पूर अशा निमित्तांनी मराठवाड्यातील गावे यापुढेही उठतील. तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत : घराचे माप माणशी ठरावे, जमिनीवरून नव्हे, नव्या गावाचा आराखडा ग्रामसभेच्या संमतीवाचून कायम होऊ नये, आणि भूमिहीनाला घराबरोबर रोजगाराची शाश्वती मिळावी. किल्लारीच्या मृतांना वाहिलेल्या फुलांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. या मागण्यांचे काय झाले, हे मात्र पुढची गावे विचारतील.